अस्तराला पाणी लागत नाही

मावशी कुणावर विश्वास ठेवत नाही, हे कोटांच्या त्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळतं. तिच्या डब्याकडे कुणी सहज बघितलं तरी ती डबा आपल्याकडे ओढते. कुणी म्हटलं, "मावशी, आज छान दिसताय," की लगेच विचारते, "काय पाहिजे?" इस्त्रीवाला म्हणतो, मावशी आरशात बघते ती केस नीट करायला नाही, मागे कोण उभं आहे ते बघायला. कुणी तिला कजाग म्हणेल. म्हणू दे. तोंडावर साखर आणि पाठीमागे सुरी असली माणसं कमी आहेत का? हिची सुरी निदान समोर तरी असते.

मावशी अस्तर लावते. कोटाच्या आत गुळगुळीत कापड असतं ना, ते. बाकी सगळे त्याला लायनिंग म्हणतात, ती अस्तर म्हणते, म्हणून तिचंच नाव अस्तरमावशी पडलं. बाहेरचं कापड मास्तर कापतो, मशीनवर बायका शिवतात, आणि शेवटी कोट मावशीच्या टेबलावर येतो, उलटा, पोट उघडं टाकून. मावशी त्याला अस्तर जोडते, पण सगळं मिटवत नाही. डाव्या बाहीच्या अस्तरात वीतभर फट ठेवते. त्या फटीतून अख्खा कोट ओढून बाहेर काढायचा, म्हणजे उलट्याचा सुलटा होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, उशीच्या अभ्र्यातून घोडा बाहेर आला.

मग फट मिटायच्या आधी ती हात आत घालते, पार खांद्यापर्यंत, आणि सगळीकडे फिरवते. टाचणी राहिली का, खडूचा तुकडा राहिला का, खालच्या कडेला झोळ बरोबर पडलाय का. हा झोळ महत्त्वाचा. अस्तर कोटापेक्षा जरासं लांब कापायचं आणि खाली त्याची घडी सैल सोडायची. नाहीतर माणूस हात वर करतो आणि कोट त्याच्याबरोबर वर चढतो. तिचा हात फिरल्याशिवाय कोट मिटत नाही. घाई असो, मालक डोक्यावर उभा असो, नाही म्हणजे नाही.

हे टेबल तिचं नव्हतं आधी. तिच्या नणंदेचं होतं.

मावशीचा नवरा ट्रकवर होता. घरी कमी, रस्त्यावर जास्त. त्या रस्त्यावर त्याने दुसरं घर केलं, आणि हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, हिला सोडून. दूधवाल्याला माहीत होतं. समोरच्या शाळकरी पोरीला माहीत होतं. हिला कळलं तेव्हा तिकडे मूल चालायला लागलं होतं. मग तो एकदा घरी आला तर दारात त्याचीच बहीण उभी. म्हणाली, "भाऊ तू माझाच आहेस, ते काही मला बदलता येत नाही. पण आत वहिनी राहणार, तू नाही." आणि दार लावलं. त्या दिवसापासून दोघी एका खोलीत राहतात. नणंदेने मावशीला सुई धरायला शिकवलं, आणि पुढे डोळे अधू झाले तेव्हा आपलं टेबल देऊन टाकलं. जगात एका माणसावर मावशी डोळे मिटून विश्वास ठेवते, ती वन्संवर. बाकीचा हिशेब सरळ आहे: एकदा सगळ्यांना माहीत असलेलं आपल्याला माहीत नव्हतं, आता तसं होऊ द्यायचं नाही.

तर अशा मावशीच्या कारखान्यात मालकांची भाची आली.

शिक्षण संपलेलं, नोकरी लागत नव्हती, म्हणून मामाच्या धंद्यात मदत. इस्त्रीवाल्याने तिचं नाव 'कॉलेज' ठेवलं आणि ते चिकटलं. कॉलेजला प्रश्न फार. याला काय म्हणतात, हे आधी का, ते नंतर का. मास्तर खूष, त्याला आयुष्यात कुणी एवढं विचारलं नव्हतं. तो कात्री खाली ठेवून भाषण द्यायचा. पण कॉलेज जास्तीत जास्त वेळ मावशीच्या टेबलापाशी उभी राहायची आणि तिच्या हातांकडे बघायची. एकदा तर बाहीच्या फटीचा फोटो काढला.

"कशाला काढलास?"

"छान दिसतंय, मावशी."

झालं. 'छान' शब्द ऐकला की मावशीचे कान उभे राहतात.

त्याच सुमारास मास्तरने बातमी आणली होती. मालक फोनवर कुणाशी तरी बोलत होते, अस्तराचं काम बाहेर द्यायचं म्हणून. एक माणूस आहे, शेड टाकून बसलाय, ढिगाने कोट घेतो आणि मशीनवर भराभर मिटवून देतो. मावशीने दोन टोकं लगेच जोडली. कॉलेज शिकायला आलेली नाही. तिचं काम काढून न्यायला आली आहे. पायरीपायरीने बघायचं, फोटो काढायचे, शेडवाल्याला दाखवायचे, आणि एके दिवशी मावशीला म्हणायचं, आता घरी आराम करा.

"मग मी काय करू?" तिने घरी विचारलं.

वन्सं शेंगा सोलत होत्या, बोटांनी चाचपत. "काही सांगू नको तिला."

"विचारते ना पण ती."

"विचारू दे. तोंड तुझं आहे ना?"

तेव्हापासून मावशीने कॉलेजला एकही गोष्ट धड सांगितली नाही. फट डाव्याच बाहीत का? "डावा हात मोकळा असतो." झोळ कशाला? "सवय." दोरा मेणातून का ओढता? "वास आवडतो." कॉलेज मान डोलवायची. मास्तर गालात हसायचा.

एका दुपारी चहाला कॉलेज स्टूल ओढून बसली.

"मावशी, लायनिंगला लायनिंग का म्हणतात, माहितीये?"

"मला काय करायचंय?"

मास्तर मधे पडला. "त्यात काय आहे? लाइन मारून सरळ शिवायचं, म्हणून लायनिंग."

"मास्तर, तुमचे लाइन मारायचे दिवस गेले," इस्त्रीवाला तिकडून ओरडला.

"चूक," कॉलेज म्हणाली. "लिननवरून आलाय शब्द. पूर्वी तिकडचे कोट जाड्या लोकरीचे, अंगाला टोचायचे. म्हणून आतून लिनन लावायचे. कपड्याला लिनन लावायचं, ते लायनिंग. आणि लिनन म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा."

"जवस? ज्याचं तेल काढतात तो?"

"तोच. बीचं तेल, खोडाचा धागा. आणि मास्तर, तुमची लाइनपण त्याच घरातली आहे. जवसाचा दोरा ताणून धरला की सरळ रेघ, ती लाइन."

मास्तरला बरं वाटलं. मावशी बशीतला चहा संपवून म्हणाली, "थांब. आपण आता लावतो ते कशाचं आहे?"

"पॉलिस्टरचं."

"त्यात जवस किती?"

"काहीच नाही."

"तरी नाव लायनिंगच?"

"हो."

"म्हणजे माल बदलला आणि पाटी तीच ठेवली." मावशी पहिल्यांदाच कॉलेजचं बोलणं ऐकून हसली. "ऐकलंत, मास्तर? आणि मला म्हणता मी उगाच संशय घेते. इथे शब्दसुद्धा खोटी कागदपत्रं घेऊन फिरताहेत."

"अजून एक आहे त्या घरातला," म्हणत कॉलेज वाकली आणि तिने मावशीच्या कानात बायकांच्या आतल्या कपड्यांचा तो इंग्रजी शब्द सांगितला, लाँजरी, दुकानांच्या काचेवर लिहिलेला असतो तो.

"त्याचंपण जवसच?"

"त्याचंपण."

"मास्तर, तुम्ही तिकडे बघा," मावशी म्हणाली. मग कॉलेजकडे वळून, "आणि आपलं अस्तर? ते कुठलं?"

"फारसीतून आलंय."

"म्हणजे तेही पाहुणंच. घरचं मग कोण आहे?"

सगळे हसले. कप धुताना मात्र मावशीला वाटलं, ही आज एवढी गोड का बोलली?

गोड बोलण्याचा परिणाम दोन दिवसांत दिसला. मालकांनी ते सगळं ऐकलं होतं. मालक वाईट माणूस नाही, पण गिऱ्हाइकाला सांगण्यासारखं काही सापडलं की त्याला ताप चढतो. एका वाद्यवृंदाच्या काळ्या कोटांची ऑर्डर होती. मालकांनी त्यांना फोन करून सांगितलं, आम्ही तुम्हाला पॉलिस्टर देणारच नाही, खरं लायनिंग देणार, शब्दाला जागणारं. लिननचं! वाद्यवृंदवाले कलाकार माणसं, त्यांना असलं आवडतं. लिननचा तागा आला, सायीच्या रंगाचा, आणि मालकांनी त्याची जबाबदारी कॉलेजवर टाकली. "तुझी कल्पना, तूच बघ."

कॉलेज तागा घेऊन मावशीकडे आली.

"मावशी, हे कापायच्या आधी भिजवून वाळवून घ्यायचं का?"

आता खरं सांगायचं तर मावशीला माहीत नव्हतं. कोटाच्या छातीत कॅनव्हास घालतात, तो मास्तर भिजवून घेतो, हे ती रोज बघायची. पण अस्तर म्हणजे पॉलिस्टर, आणि पॉलिस्टर कुणी भिजवत नाही. लिननला तिने जन्मात हात लावला नव्हता. पण 'माहीत नाही' हे ती कुणालाच म्हणाली नसती, मालकांच्या भाचीला तर मुळीच नाही. आणि डोक्यात किडा वळवळला: हिला भिजवायचं सुचलं, म्हणजे हिने कुठेतरी वाचलंय. मग मला का विचारते? परीक्षा घेते की काय?

"अस्तराला पाणी लागत नाही," मावशी म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

"नक्की?"

"मी किती वर्षं इथे बसते, तू किती?"

कॉलेज गेली आणि तिने मास्तरला तागा तसाच कापायला दिला. मावशीने अस्तरं लावली, झोळ सोडला, हात फिरवला, कोट गेले.

कोट परत आले ते एका गठ्ठ्यात, आणि बरोबर वाद्यवृंदाचा मॅनेजर. कार्यक्रमाआधी तिथला माणूस रोज वाफेची इस्त्री मारायचा, वर दिव्यांखाली घाम. कोट हळूहळू आतून आवळत गेले. मॅनेजरने एक कोट अंगात घालून दाखवला. कडा आत वळल्या होत्या, बाह्या मनगट सोडून वर. त्याने व्हायोलिन धरल्यासारखा हात उचलला तर कोट बगलेपर्यंत चढला. "आमचा व्हायोलिनवाला वाजवतोय की शरण येतोय, लोकांना कळेना," तो म्हणाला. इस्त्रीवाल्याला हसू फुटलं, ते त्याने वाफेत लपवलं.

मॅनेजर गेल्यावर मालकांनी विचारलं, "अस्तर कुणी लावलं?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. सगळे मावशीच्या टेबलाकडे बघायला लागले.

"मी झोळ सोडला होता," मावशी म्हणाली.

"मग गेला कुठे? अस्तर आखूड आहे, मावशी. मला दिसतंय. पुढच्या सोमवारपासून अस्तर बाहेर. बस झालं."

मास्तर म्हणाला, "मालक, मावशीचा हात..."

"तुम्ही कात्री सांभाळा."

मावशीने त्या दिवशी टेबल आवरलं. एक कोट पिशवीत घालून घरी आणला. तिचं ठरलेलं होतं: कॉलेजनेच अस्तर आखूड कापायला लावलं. तिला हे टेबल रिकामं करायचं होतं, झालं तिच्या मनासारखं. फक्त पुरावा पाहिजे. तिने बाहीची शिवण उसवली, फट उघडली, हात आत घातला. खालच्या कडेला पोचली आणि थांबली. झोळाची घडी हाताला लागली. म्हणजे घडी नाही, घडीची खूण. इस्त्रीने पडलेली जुनी चुणी होती, पण कापड ताणून सपाट झालं होतं.

"वन्सं, बघा जरा."

वन्संनी बघितलं, म्हणजे हात लावला. डोळ्यांचं आता तसंच होतं. कापड बोटांत चोळलं, चुणीवरून अंगठा फिरवला.

"आखूड कुणी कापलं नाही. तू बरोबरच लावलंस. कापड आटलंय, वहिनी. कोरडंच कापलंत का?"

मावशीने उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"लिनन आहे ना हे? याच्या चादरी असायच्या पूर्वी दवाखान्यात, पहिल्या धुण्यात बोटभर कमी व्हायच्या. कुणाला सुचलं नाही का भिजवायचं?"

"सुचलं होतं," मावशी म्हणाली. "तिने विचारलं होतं मला."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

वन्संनी कोट मांडीवरून बाजूला ठेवला. "का गं?"

"तुम्हीच म्हणालात, काही सांगू नको."

"काही सांगू नको म्हटलं होतं. चुकीचं सांग नव्हतं म्हटलं."

त्या खोलीत दोघींचं भांडण फारसं होत नाही. त्या दिवशीही नाही झालं. फक्त वन्संनी भांडी जरा जोरात लावली.

सकाळी मावशी कोट घेऊन थेट मालकांच्या टेबलापाशी गेली. फट उघडून त्यांना चुणी दाखवली. मास्तरला बोलावलं, त्यानेही हात घालून बघितला आणि म्हणाला, "झोळ होता, मालक. कापड आटलं. मावशीची चूक नाही." मावशी सुटली. खरंच सुटली, टेबलही राहिलं. पण मालक वळले भाचीकडे.

"तागा तुझ्याकडे होता. भिजवून नाही घेतलास?"

कॉलेज म्हणाली, "नाही."

"सुचलं नाही?"

कॉलेजने मावशीकडे बघितलं. एकदाच. मग जमिनीकडे. "चुकलं, मामा."

"चुकलं? एवढे कोट! उद्यापासून घरी बस. आईला सांगतो तुझ्या."

आता दुसरं कुणी असतं तर हळूच आपल्या जागी जाऊन बसलं असतं. मावशीला ते जमेना. चांगुलपणा म्हणून नव्हे, खोटं कशाला बोलायचं. तिला ते पटेचना. ही गप्प का? हिच्या हातात माझी मान आहे, एक वाक्य बोलली की मी गेले. मग बोलत का नाही? पुढे कधीतरी वसूल करायला ठेवतेय का? रोज माझ्याकडे असंच बघणार, आणि मी रोज घाबरणार? माणसं आपल्याबद्दलचं गुपित धरून बसतात, ते मावशीने एकदा भोगलं होतं. गल्लीतला दूधवालासुद्धा असाच गप्प होता.

"हिने विचारलं होतं," मावशी बोलली, जरा जास्तच मोठ्याने. मशीनवरच्या बायका थांबल्या. "भिजवायचं का म्हणून. मला. मी म्हटलं, अस्तराला पाणी लागत नाही. मला माहीत नव्हतं, तरी म्हटलं."

मालकांना क्षणभर कळेना कुणावर ओरडायचं. "का पण?"

"मला वाटलं, ही माझं काम काढून शेडवाल्याला देणार. तुम्ही फोनवर बोलत होतात ना? मग."

मालकांनी मास्तरकडे बघितलं. मास्तर छताकडे बघायला लागला.

"म्हणजे मी चोर, ही चोर, आणि तुम्ही शहाण्या," मालक म्हणाले.

"शहाणी असते तर 'माहीत नाही' म्हटलं असतं."

इस्त्रीवाल्याची वाफ सुस्कारल्यासारखी सुटली. मालकांनी डोक्यावरून हात फिरवला. मग गठ्ठ्याकडे बोट केलं. "हे सगळे उसवायचे, नवं अस्तर, आणि वाद्यवृंदाच्या पुढच्या कार्यक्रमाआधी गेले पाहिजेत. शेडवाला उसवायचं काम घेत नाही, मी विचारलंय. हे नीट गेले तर टेबल राहील. साधे कोट मात्र बाहेर जाणार, ते मी बदलणार नाही. भारी कोट इथे. चालेल?"

"चालायलाच पाहिजे," मावशी म्हणाली. अर्धं गेलं, अर्धं राहिलं. वन्संना काय सांगायचं ते ती मनात जुळवायला लागली.

"आणि मी?" कॉलेजने विचारलं.

"मावशींना विचार," मालक म्हणाले आणि फोन घेऊन बाहेर गेले.

मागच्या मोरीत मोठा टब होता. मावशीने लिननचा नवा तागा पाण्यात सोडला आणि हातांनी दाबून बुडवला. कॉलेज दारात उभी राहिली, आत यावं की नको अशी.

"इकडे ये," मावशी म्हणाली. "आधी एक सांग. मघाशी गप्प का बसलीस?"

"असंच."

"असंच कुणी गप्प बसत नाही."

कॉलेजने दाराच्या चौकटीला पाठ टेकवली. "मला कुठे नोकरी लागत नाहीये, मावशी. अर्ज करून दमले. एक तरी काम हाताने यावं असं वाटतं. तुम्हाला मामाने काढलं असतं तर मला शिकवलं कुणी असतं? मला काय, मामा आहे, महिन्याभरात राग जातो त्याचा. मग परत आलेच असते."

मावशीने हे बोलणं मनात उलटंसुलटं करून बघितलं. दया आली म्हणाली असती, माया वाटते म्हणाली असती, तर मावशीने तिला त्या दारातूनच परत पाठवलं असतं. पण यात मुलीचा स्वतःचा मतलब होता. चांगला स्वच्छ, दिसणारा मतलब.

"हां," ती म्हणाली. "हे पटलं."

"म्हणजे शिकवणार?"

"फोटो कशाला काढला होतास, ते पण सांग."

"घरी जुन्या चादरीवर करून बघत होते. जमत नव्हतं. तुम्ही सांगितलं होतंत ना, डावा हात मोकळा असतो म्हणून. मी दोन दिवस डाव्या हाताने शिवत होते."

मावशीच्या तोंडातून हसू निसटलं. तिने ते आवरलं, पदर सावरल्यासारखं, आणि ओल्या कापडाचं एक टोक मुलीच्या हातात दिलं.

"डाव्याचं विसर. हे धर. तू तिकडून पीळ, मी इकडून. आणि माझ्या तोंडाकडे बघू नको, कापडाकडे बघ, सुटेल."